अतिलघु विज्ञानकथेत दडलेलं शोधायचं कसं, आणि दडवायचं किती?

प्रश्न थोडक्यात असा : "एका पानाच्या, कधी एकाच ओळीच्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथा वाचतो. काहीतरी मोठं सांगितलंय असं वाटतं, पण हाती लागत नाही. एकाच कथेचे चार जण चार अर्थ सांगतात, त्यातला खरा कोणता? आणि स्वतः अलक (म्हणजे अतिलघुकथा) लिहायची तर अर्थ किती दडवायचा?"

आधी घटना शोधा, अर्थ नंतर. बहुतेकांची वाट इथेच चुकते. इसापनीती, पंचतंत्र, धड्याखालचं 'तात्पर्य' आणि पुढे खांडेकरांच्या रूपककथा, यांवर आपलं वाचन पोसलेलं असतं. त्यामुळे कथा लहान दिसली की आपण थेट तात्पर्याला हात घालतो : यंत्र म्हणजे भांडवलशाही, राक्षस म्हणजे सत्ता, खड्डा म्हणजे माणसाची हाव. रूपककथेत हे चालतं, कारण तिथे गोष्ट त्या अर्थासाठीच रचलेली असते. अतिलघु विज्ञानकथेत दडलेली असते ती बहुतेक वेळा एक वस्तुस्थिती. त्या कथेच्या जगात काहीतरी घडून गेलेलं असतं, चालू असतं किंवा घडणार असतं, आणि लेखकाने ते सांगायचं टाळलेलं असतं. ते सापडलं की अर्थाला आधार मिळतो. ते न सापडताच काढलेला अर्थ कुठल्याही कथेला चिकटवता येतो, आणि चार जणांचे चार अर्थ होतात ते यामुळेच.

एक कथा जवळून पाहू. जपानचे शिनिची होशी (१९२६–१९९७) यांनी हजाराहून जास्त छोट्या कथा लिहिल्या. त्यांच्या १९५८च्या एका कथेचं शीर्षक मराठीत साधारण 'अरे ए, बाहेर ये!' असं होईल. वादळात गावाबाहेरचं छोटं देऊळ वाहून जातं आणि त्या जागी एक भोक उघडं पडतं. एक तरुण वाकून ओरडतो, "अरे ए, बाहेर ये!" प्रतिध्वनी येत नाही. तो खडा टाकतो, तो पडल्याचा आवाज येत नाही. मग त्या अथांग भोकाचा धंदा होतो. अणुभट्ट्यांचा कचरा, सरकारी गुप्त कागद, रोगांच्या प्रयोगांत मेलेले प्राणी, बेवारस प्रेतं, लग्न ठरलेल्या मुलींच्या जुन्या रोजनिशा, सगळं आत जातं. शहर स्वच्छ होतं, वाढतं. शेवटी एका उंच इमारतीच्या बांधकामावर कामगाराला आकाशातून हाक ऐकू येते, "अरे ए, बाहेर ये!" तो वर पाहतो, काहीच नाही. तो पुन्हा समोरच्या शहराकडे बघू लागतो, आणि त्याच्या बाजूने एक खडा खाली पडतो. त्याचं लक्ष नसतं. कथा संपते.

घाईने वाचणारा म्हणतो, "प्रदूषणावर आहे." चूक नाही, पण कथेचा गाभा अजून त्याच्या हाताबाहेर आहे. घटना काय आहे ते बघा : आधी हाक आली, मग खडा आला. टाकतानाही क्रम हाच होता. म्हणजे जे आत गेलं ते त्याच क्रमाने वरून परत येणार. आता मधली यादी पुन्हा वाचा. पहिल्या वाचनात ती गंमतीची जंत्री वाटली होती, आता ते येणाऱ्या दिवसांचं वेळापत्रक झालं. खड्यानंतर काय येणार हे कथेत कुठेही लिहिलेलं नाही, तरी वाचकाला ते ठाऊक आहे आणि त्या कामगाराला नाही. कथेची सगळी भीती या एका फरकात आहे. जपानची पहिली संशोधन अणुभट्टी तोकाई गावात १९५७ मध्ये सुरू झाली होती. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या या यादीत अणुकचरा आहे, याचं वजनही घटना कळल्यावरच जाणवतं.

यातून वाचनाची पहिली सवय लावून घ्या. कथा संपली की जे घडलं ते काळाच्या क्रमाने, साध्या भाषेत, दोन-तीन वाक्यांत कागदावर लिहा. मनातल्या मनात नको, मन फटी बुजवून टाकतं. लिहिताना जिथे 'मग अचानक' किंवा 'कशामुळे तरी' असं लिहावं लागेल, तिथे न सांगितलेली गोष्ट आहे. यादी आणि आकडे यांच्यापाशी थांबाच. शंभर-दोनशे शब्दांत लेखक सजावटीला जागा देत नाही. यादी असेल तर तिच्या क्रमाला कारण असतं, आकडा असेल तर तो कशाशी तरी जुळतो किंवा जुळत नाही.

दुसरी सवय छोट्या शब्दांची. अजूनही, पुन्हा, फक्त, आता, सुद्धा, आणि आपला 'च'. हे शब्द मागे घडलेलं काहीतरी गृहीत धरतात. याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे आउगुस्तो मोन्तेर्रोसो यांची १९५९ मध्ये पुस्तकात आलेली 'डायनोसॉर'. मूळ स्पॅनिशमध्ये ती सात शब्दांची आहे. मराठीत : 'जाग आली तेव्हा डायनोसॉर अजूनही तिथेच होता.' 'अजूनही' काढून पाहा. उरते ती एक विचित्र सकाळ. 'अजूनही' ठेवला की तीन गोष्टी पक्क्या होतात : झोपण्याआधी डायनोसॉर तिथे होता, झोपणाऱ्याला ते माहीत होतं, आणि जाग आल्यावर तो नसेल अशी त्याची अपेक्षा होती. शिवाय जो माणूस डायनोसॉरशेजारी झोपू शकतो, तो एकतर कमालीचा थकला असणार किंवा त्याला हे स्वप्न वाटलं असणार. इतकं ठरल्यावर मग खुशाल पुढे जा. मोन्तेर्रोसो ग्वातेमालाचे, आयुष्याचा मोठा भाग मेक्सिकोत काढलेले. मेक्सिकोत अनेक दशकं सत्तेवर चिकटून राहिलेल्या पक्षाच्या जुन्या धेंडांना 'डायनोसॉर' म्हणायची पद्धत पडली आणि तिथल्या वाचकांनी ही ओळ राजकारणाला लावली. हा अर्थ कथेत बसतो, कारण 'गेला असेल असं वाटलं होतं, पण गेला नाही' ही घटना त्या राजकारणाशी तंतोतंत जुळते. 'डायनोसॉर म्हणजे अहंकार' हा अर्थ तितका बसत नाही, कारण मग झोप आणि जाग यांचं काय करायचं ते कळत नाही.

बोलणाऱ्याचा सूर आणि त्याने दिलेली बातमी जुळते का, हेही पाहा. आपल्याकडे हे शास्त्र फार जुनं आहे आणि त्याचं गाजलेलं उदाहरण गोदावरीकाठचंच आहे. हाल सातवाहनाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाथासप्तशतीत, महाराष्ट्री प्राकृतातली एक गाथा आहे. एक बाई सांगते : धार्मिक बुवा, आता निर्धास्त हिंडा, तो कुत्रा आज मारला गेला, गोदेकाठच्या कुंजात राहणाऱ्या मस्तवाल सिंहाने मारला. वरवर ही परवानगी आहे. पण कुत्र्याला घाबरणाऱ्या माणसाला सिंहाची बातमी देऊन 'निर्धास्त हिंडा' कोण म्हणेल? ज्याला तो तिथे यायलाच नको असेल तोच. त्या कुंजात तिचा प्रियकर तिला भेटतो आणि बुवांच्या फेऱ्या आड येतात. नवव्या शतकात संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने आपल्या ध्वन्यालोक या ग्रंथात वस्तुध्वनीसाठी, म्हणजे एक सांगून दुसरीच वस्तुस्थिती सुचवण्यासाठी, हीच गाथा घेतली. प्रश्न तीनच : कोण बोलतंय, कोणाशी, आणि या माणसाला हे असं सांगण्याची गरज काय? अतिलघु अद्भुतकथेतला प्रत्येक संवाद या प्रश्नांतून काढावा. एखादं पात्र भयंकर गोष्ट शांतपणे सांगत असेल, तर एकतर ती त्या जगात रोजची आहे, किंवा सांगणाऱ्याचा त्यात फायदा आहे.

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांत एक अडचण जास्तीची असते. वाक्प्रचार तिथे शब्दशः खरा असू शकतो. 'ती गेली आणि घर खायला उठलं.' वास्तववादी कथेत हा एकटेपणा. अद्भुतकथेत घराने खरोखर कोणाला तरी गिळलेलं असू शकतं. अमेरिकी विज्ञानकथाकार सॅम्युअल डिलेनी यांनी हा मुद्दा फार चांगला मांडला आहे. म्हणून पहिल्या वाचनात प्रत्येक वाक्य अक्षरशः खरं धरा. अलंकार आहे असं दुसऱ्या वाचनात ठरवा, तेही शब्दशः अर्थ टिकत नसेल तरच. उलट केलं तर कथेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट 'सुंदर प्रतिमा' म्हणून डोळ्यांखालून निघून जाते.

'धक्का' आणि 'दडलेला अर्थ' यांची गल्लत फार होते. अमेरिकी लेखक फ्रेड्रिक ब्राउन यांची १९५४ची 'सेन्ट्री' (पहारेकरी) ही कथा जेमतेम पानभर आहे. चिखलात भिजलेला, भुकेला, काकडलेला एक सैनिक घरापासून पन्नास हजार प्रकाशवर्षं दूर पहारा देतो आहे. सूर्य परका, निळा. गुरुत्वाकर्षण सवयीच्या दुप्पट. शत्रू दुसऱ्या जातीचा, क्रूर. एक शत्रू रांगत जवळ येतो, सैनिक त्याला मारतो आणि प्रेताकडे बघून शहारतो : दोनच हात, दोनच पाय, पांढरीफटक कातडी आणि अंगावर खवले नाहीत. धक्का इथे संपतो. दडलेलं पुढे आहे. पुन्हा वर जाऊन वाचा, एकही वाक्य खोटं नाही. त्याने 'शत्रू', 'परके' म्हटलं ते त्याच्या बाजूने खरंच होतं. 'आपला' म्हणजे माणूस ही भर वाचकाने घातली. पानभर त्या थंडीत आपण त्याच्यासोबत उभे होतो, ते आता परत घेता येत नाही. 'युद्ध वाईट' एवढंच म्हणून थांबलो तर हे निसटतं.

लिहिणाऱ्याने या कथेतून शिकण्यासारखी गोष्ट प्रामाणिकपणाची आहे. स्वतःच्या खवल्यांचा विचार तो सैनिक का करेल? आपणही दिवसभर आपल्या कातडीचा विचार करत नाही. शत्रूचं अंग मात्र तो बघणारच. माहिती वाचकापासून लपवली ती पात्राच्या मनात ती येण्याचं कारण नव्हतं म्हणून, आणि उघड केली ती पात्राची नजर सहज जिथे गेली असती तिथेच. हे जमलं नाही की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं आणि त्याचा राग रास्त असतो.

कधी दडलेलं रूपातच असतं. अर्जेंटिनाचे लेखक बोर्हेस यांच्या १९४६च्या, एका परिच्छेदाच्या कथेत नकाशाकार साम्राज्याएवढाच मोठा, बिंदूला बिंदू जुळणारा नकाशा बनवतात. पुढच्या पिढ्या तो निरुपयोगी म्हणून ऊनपावसावर सोडतात आणि पश्चिमेच्या वाळवंटात त्याच्या चिंध्यांत जनावरं आणि भिकारी राहतात. खाली एका १६५८च्या पुस्तकाचा संदर्भ आहे, तोही लेखकाने रचलेला. म्हणजे आपल्या हाती आलेला परिच्छेद हासुद्धा हरवलेल्या मोठ्या वस्तूची चिंधीच आहे. तळटीप न वाचणाऱ्याला ही अर्धी कथा मिळतच नाही. ब्रिटिश विज्ञानकथाकार आर्थर क्लार्क यांची १९८४ची एकतीस शब्दांची कथा शीर्षकात 'जेनेसिस' (बायबलमधलं सृष्टीच्या उत्पत्तीचं पुस्तक) उलट्या अक्षरांनी लिहिते. देव संगणकाला आज्ञा देऊन विश्व आधी बंद करतो आणि मग ते कधी नव्हतंच असं करून टाकतो. शीर्षक सुलटं केलं नाही तर सृष्टीची उत्पत्ती मागे चालली आहे हे कळत नाही. शीर्षक, तळटीप, तारीख, पत्राचा मायना हे सगळं कथाच समजा.

कुठला अर्थ खरा याची कसोटी सोपी आहे, वापरायला मात्र धीर लागतो. तुम्ही मांडलेली घटना कथेतल्या प्रत्येक वाक्याचं काम सांगू शकते का? एकही वाक्य बाहेर उरलं तर घटना अपुरी. ती उभी करायला कथेत नसलेली दुसरी घटना आणावी लागते का? आणावी लागली तर तो अर्थ तुमचा, कथेचा नव्हे. दोन घटना या कसोटीवर सारख्याच टिकल्या तर दोन्ही ठेवा. ते संदिग्धपण बहुधा मुद्दाम ठेवलेलं असतं. लेखकाला विचारून फारसं साधत नाही, कारण पुरावा पानावर असावा लागतो.

आता लिहिण्याकडे. इथल्यापुरता एक नमुना रचून दाखवतो :

'जनगणनेच्या बाई आल्या. "घरात माणसं किती?" "चार," आई म्हणाली. बाईंनी आम्हां तिघांच्या मानेमागचा क्रमांक वाचला, आईकडे एकदा पाहिलं आणि रकान्यात लिहिलं : एक.'

ढाचा बरा आहे, पण घटना गळते. मानेमागचा क्रमांक कैद्याचा असू शकतो, निर्वासिताचा असू शकतो, यंत्राचाही. तीन वाचक तीन जगं उभी करतील आणि तिघांनाही कथा धूसर वाटेल. दुरुस्ती दोन शब्दांची : 'बाईंनी आम्हां तिघांच्या मानेमागचं झाकण उघडून क्रमांक वाचला.' झाकण आलं की घटना पक्की झाली, तिघं घडवलेली आहेत. गंमत अशी की कैदी आणि निर्वासित कथेतून गेले नाहीत. ते घटनेच्या पातळीवरून उठून अर्थाच्या पातळीवर जाऊन बसले, कारण रकान्यात न मावणारी माणसं म्हटल्यावर वाचकाला ते आठवणारच. घटना बंद करा, अर्थ उघडा राहतो. नवे लेखक नेमकं उलट करतात, घटना धूसर ठेवतात आणि अर्थ शेवटच्या ओळीत ठणकावून सांगतात.

त्याच चोवीस शब्दांत आणखी काय काम करतंय ते पाहा. बाईंना झाकण कुठे असतं ते माहीत आहे, म्हणजे अशी घरं त्यांनी बरीच पाहिली आहेत. आईची मान त्यांनी तपासली नाही, नुसतं पाहिलं. ती नजर कीव आहे की शंका, हे मोकळं सोडलं आहे. आणि 'आम्हां तिघांच्या'. मराठीला 'आम्ही' आणि 'आपण' यांचं जे देणं आहे ते फार थोडे लेखक वापरतात. 'आम्ही' म्हणताच निवेदक ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो. यंत्र, भूत किंवा परग्रहवासी बोलत असेल तर ही एक भिंत न सांगता उभी राहते. शेवटी 'आम्ही'चं 'आपण' केलं तर वाचकच त्या जातीचा निघतो.

उलट भूतकाळी क्रियापद लिंग उघडं करतं. निवेदक बाई की पुरुष की वस्तू हे दडवायचं असेल तर 'मी गेलो/गेले' टाळून 'मला दिसलं', 'माझ्या हातून पडलं', 'जाग आली' अशी वळणं घ्या. हे पाच-सहा वाक्यांपर्यंत निभतं, पुढे वाचकाला ओढाताण जाणवते.

प्रमाणाचं बोलायचं तर शंभर शब्दांत दडलेली घटना एकच असावी. तिला किमान दोन खुणा द्या, फार तर तीन. पहिली खूण कथेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात हवी, नाहीतर शेवट आकाशातून पडल्यासारखा वाटतो. नवा बनवलेला शब्द एकापेक्षा जास्त नको; दोन अनोळखी शब्द आले की वाचक घटना सोडून शब्दकोडं सोडवू लागतो. पहिला खर्डा अंतिम लांबीच्या दुप्पट-अडीचपट होऊ द्या आणि मग कापा. कापताना आधी विशेषणं जातात, मग भावना सांगणारी वाक्यं, मग शेवटची ओळ. शेवटची ओळ खरंच झाकून वाचून बघा. 'कारण आम्ही माणसं नव्हतोच' अशी ओळ असेल तर ती जवळजवळ नेहमी जाते. वस्तू मात्र कापू नका. झाकण, खडा, छत्री, किल्ली यांच्यावरच वाचक चढून वर येतो.

खर्डा तयार झाला की तीन-चार जणांना द्या, आणि "कळली का?" असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. "यात काय घडलं ते सांगा," म्हणा. सगळ्यांनी लगेच तेच सांगितलं तर एक खूण काढा. कोणालाच सांगता आलं नाही तर स्पष्टीकरण घालू नका, एखादी वस्तू किंवा एखादी कृती घाला. एकाने सांगितलं आणि बाकीच्यांनी ते ऐकून कथा पुन्हा वाचायला मागितली, तर हात लावू नका.

काही शेवट झिजून गेलेले आहेत : ते सगळं स्वप्न होतं, तो मेलेलाच होता, ते दोघं आदम-हव्वा निघाले, तो रोबोट होता. शेवट म्हणून ते टाळावेत. सुरुवात म्हणून मात्र ते अजून चालतात. निवेदक यंत्र आहे हे दुसऱ्याच ओळीत कळलं तरी हरकत नाही, मग पुढचं काहीतरी दडवावं लागतं, आणि ते बहुधा जास्त मोलाचं निघतं. वरच्या नमुन्यात 'तिघं यंत्रं आहेत' यापेक्षा आईने एका क्षणाचाही विचार न करता 'चार' म्हटलं, हे मोठं आहे.

वाचनाचा सराव करायचा असेल तर ब्राउनपासून सुरुवात करा, तिथे घटना शेवटी हातात मिळते. मग होशी, जिथे ती एक पायरी पुढे असते. मोन्तेर्रोसो आणि बोर्हेस त्यानंतर. प्रत्येक कथेची घटना वहीत दोन ओळींत लिहून ठेवा आणि महिन्याभराने कथा पुन्हा वाचून ती तपासा.